धाकटी देवी घेऊन येणारे भाई

इब्राहिमभाईंची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. शाळेच्या ओटीवर चढले, हातातली पत्र्याची पेटी खाली ठेवली, "मास्तर, माफ करा हां," म्हणाले आणि माझ्या सदऱ्याची बाही सरळ दंडापर्यंत वर केली. लहानपणी देवी काढल्याचे, म्हणजे लस टोचल्याचे, माझ्या दंडावरचे वण त्यांनी अंगठ्यानं चाचपले. "रत्नागिरीकडचे तुम्ही. टोचणारा म्हातारा असणार. दुसऱ्या ठिकाणी हात थरथरलाय बघा त्याचा," असं म्हणून त्यांनी बाही पुन्हा नीट खाली केली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी थक्क झालो खरा, पण त्याहून जास्त चिडलो. चोविसाव्या वर्षी ट्रेनिंग कॉलेजातून वरच्या नंबरानं पास होऊन आलेला मी, लोकल बोर्डाच्या शाळेचा एकुलता एक मास्तर. मनातलं बोलायचं तर एका मुसलमान माणसानं न विचारता शिवलं, याचाच राग मोठा होता. त्या दिवशी संध्याकाळी मी विहिरीवर पुन्हा आंघोळ केली आणि ती त्यांना दिसेल अशा बेतानं केली. ते ओटीवर बसून आपली हत्यारं पुसत होते. त्यांनी पाहिलं आणि पाठ फिरवून बसले.

एकोणीसशे तिसाच्या आसपासची ही गोष्ट. आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीपलीकडं. वरच्या अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या आणि ब्राह्मण-भंडाऱ्यांची घरं, खाली वाळूला लागून कोळीवाडा. भाई मूळचे म्हसळ्याचे. घरची माणसं पिढ्यान् पिढ्या गलबतांवर माल पाठवणारी, पण भाईंचं मन काही व्यापारात रमलं नाही. चार इयत्ता इंग्रजी शिकून ते सरकारी टोचणारे झाले. दर वर्षी थंडी पडली की किनाऱ्यानं पायी निघायचे आणि गावोगावच्या पोरांना देवी काढत शिमग्यापर्यंत फिरायचे. अंगानं काटकुळे, डोक्यावर लाल तुर्की टोपी, पायात मोठ्या मापाच्या वहाणा. पेटीत जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक पेला असे. कुठंही पाणी प्यायचं झालं की स्वतःच तो पुढं करायचे, म्हणजे घरच्या माणसाला वेगळं भांडं शोधायची पंचाईत नको. मला सुरुवातीला वाटे, किती समजूतदार माणूस. आपण त्यांना काय समजून घ्यायला लावतोय, हे कळायला मला फार वर्षं लागली.

त्यांच्याजवळची लस काचेच्या बारीक नळ्यांतून यायची. ऊन लागलं की ती मरते, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून, मातीच्या छोट्या मडक्यात घालून, वर केळीचं पान बांधून भाई ती न्यायचे. दुपारी स्वतः उन्हात बसतील, पण मडकं सावलीत. होडीत चढताना होडी चालवणाऱ्या तांडेलाला आधी मडकं देत आणि मग हात देत. तांडेल चिडवायचा, "भाई, बायकोला तरी येवढा जपता का?" भाई म्हणायचे, "बायको रागावली तर बोलून दाखवते. ही मुकाट्यानं मरते."

त्या वेळी बोर्डाचा नियम होता की देवी काढल्याचा दाखला असल्याशिवाय मुलाचं नाव शाळेच्या पटावर कायम करायचं नाही. दाखला भाई द्यायचे, पण टोचल्याबरोबर नाही. आठव्या दिवशी ते पुन्हा यायचे, मुलांना रांगेत उभं करायचे, एकेका दंडावरचा फोड अंगठ्यानं दाबून बघायचे आणि मगच सही करायचे. फोड उठला नसला तर पुन्हा टोचायचे. कुणी किती गयावया केली, कुणी दरडावलं, तरी आठव्या दिवसाच्या आत त्यांची सही झाली नाही. "तोंड खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल," ते म्हणायचे, "दंड बोलत नाही. त्याला येतच नाही खोटं."

कोळीवाड्यात मात्र नियमाचा काही उपयोग नव्हता. देवी म्हणजे प्रत्यक्ष देवी. ती घरात येते ती तिच्या मर्जीनं. तिला सुईनं बोलावणं म्हणजे तिची थट्टा, असं तिथल्या बायांना वाटे. माझ्या आधीच्या मास्तरांनी दोन वर्षं त्यांना शास्त्र सांगितलं होतं आणि त्याचा परिणाम म्हणून टोचणारा येणार असं कळलं की पोरं होड्यांत लपत. भाईंनी शास्त्राचा शब्द काढला नाही. पहिल्या वर्षी ते बोंबील सुकत घातलेल्या दोऱ्यांखालून वाकत वाकत गेले, म्हाताऱ्या बायांच्या पुढ्यात वाळूतच बसले आणि म्हणाले, "आये, मी थोरलीला हात लावत न्हाय. ती तुमची. मी धाकटीला घेऊन आलोय. धाकटी घरात बसलेली दिसली, का थोरली उंबऱ्यावरूनच माघारी फिरते. भैनीभैनींचा तसा करारच हाय." बाया हसल्या. एकीनं विचारलं, "आनि धाकटी आली हे कलाचा कसा?" "आठ दिवसांनी मी येतो ना बघायला. ती आली तर मी सांगीन आली. न्हाय आली तर न्हाय. मी खोटा सांगनार न्हाय."

त्या एका शब्दावर कोळीवाड्यातली पोरं टोचून घ्यायला लागली. आठव्या दिवशी भाई खाडी उतरून आले की बाया दुरूनच विचारायच्या, "भाई, धाकटी आली का?" आणि भाई एकेकीच्या पोराचा दंड दाबून न्यायाधीशासारखं गंभीर तोंड करून सांगायचे, "आली. बसली. आता थोरली फिरकत न्हाय." मग ते पोर उगीचच छाती काढून चालायचं.

वरच्या आळीतही त्यांनी एकदा असंच केलं. खोतांनी निरोप पाठवला की आमच्या नातवाला कोळ्यांच्या पोरांबरोबर रांगेत उभं करणार नाही, घरी येऊन टोचा. भाई घरी गेले. ओटीवर बसले, चहा घेतला आपल्या पेल्यातून, आणि म्हणाले, "खोतसाहेब, मी घरी टोचतो. पण एक अडचण आहे. थोरली येते ती कोळीवाड्यातून येते. तिला वाटेत कुणी सांगायला हवं ना, की या घरात धाकटी वेगळी येऊन गेलीय." खोत हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी नातू रांगेत होता. मी हे सगळं पाहत होतो. मला गंमत वाटायची, आणि कौतुकही. माझ्या वागण्यात मात्र तसूभरही फरक पडला नाही. शाळा कोळीवाड्याला लागून असूनही चार वर्षांत मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. मासळीचा वास सोसत नाही, असं मी सांगायचो.

आता मुख्य गोष्ट सांगायला हवी. इतका वेळ मी भाईंविषयी सांगत बसलो तो थोडा तिला टाळायलाच.

माझ्या चौथ्या वर्षी बोर्डाकडून पत्र आलं की मुलींची संख्या वाढवा. त्या संख्येवर माझी बढती अडली होती. मी कोळीवाड्यातल्या बापांना शाळेत बोलावून पोरी घालायला लावल्या. त्यात चांगूबायची हिरू होती. सात वर्षांची, काळीसावळी, डोळे भारी तेज. पंधरा दिवसांत बाराखडी बोलायला लागली आणि पाटीवर कोळंबीचं चित्र काढून त्याला मिशा लावायची. चांगूबायचा थोरला मुलगा आदल्या वर्षी टोचल्यावर पंधरा दिवसांनी तापानं गेला होता. तो ताप वेगळा होता, भाईंनी तिला परोपरीनं सांगितलं होतं, पण आईचं मन. ती माझ्याकडं आली, ओटीखालीच उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, पोरगी येवदी शिकंल. पन तिला टोचू नका. माजा येक गेलाय." मी पाटावरून न उठता सांगितलं, "दाखला नसेल तर नाव काढीन. मग बसव तिला बोंबील सुकवत." ती ओटीखालूनच वळली आणि गेली.

माघातल्या एका सोमवारी भाईंनी अठरा मुलांना टोचलं. हिरूही त्यांत होती. पुढच्या सोमवारी ते यायचे, तर रविवारी रेवदंड्यात त्यांना हिवतापानं गाठलं. इकडं बुधवारी दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार होते. दाखले नाहीत तर अठरा नावं पटावरून गळणार, त्यांत मुली सात. मी सोमवारी सकाळीच तांडेलाबरोबर चिठ्ठी धाडली. फार नम्र लिहिली होती, आणि फार आग्रहाची. दुपारी तांडेल परत आला तो अठरा कोरे दाखले घेऊन, प्रत्येकावर भाईंची वाकडीतिकडी, थंडीनं कापणारी सही. इतक्या वर्षांत त्यांनी मोडलेला तो एकच नियम, आणि तो माझ्यासाठी. सोबत चिठ्ठी होती. "मास्तर, तुमच्या शब्दावर सही करतो. एकेक दंड अंगठ्यानं दाबून बघा, नुसत्या डोळ्यांनी बघू नका. फोड मऊ, मोत्यासारखा हवा. कड काळी दिसली, कातडी भाजल्यासारखी दिसली, तर तो बिब्बा समजा. बायका भीतीनं लस पुसतात आणि बिब्ब्याचं तेल लावून फोड आणतात. तसं असेल तर रागावू नका, दाखला ठेवून द्या, मी उठलो की येतो."

यापेक्षा स्पष्ट कुणी काय लिहील?

मुलं रांगेत आली. मी खुर्चीत बसलो होतो. अठरा दंड, त्यांवर पाण्यानं भरलेले फोड, त्यांत तेरा पोरं कोळीवाड्यातली. माझी आंघोळ झालेली होती. मी हातात रूळ घेतला आणि रुळाच्या टोकानं बाह्या वर करून बघितलं. एकाही मुलाला मी हात लावला नाही. हिरू आली. तिच्या फोडांभोवती कड काळी होती. मला दिसली ती. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मळ असेल असं वाटलं, उजेड कमी होता. उजेड भरपूर होता. मला बिब्बा दिसला, सात मुलींच्या सहा होतील हे दिसलं, आणि मी तिच्या नावाचा दाखला भरला. ती म्हणाली, "मास्तर, धाकटी आली?" मी म्हणालो, "आली, आली. चल पुढं."

दिपोटीसाहेब आले, मुलींना पाहून खूश झाले आणि त्यांनी शेरेबुकात चांगला शेरा लिहिला. भाईंचा ताप तीन आठवडे हटला नाही. मग त्यांना पुढची गावं गाठायची होती. तांडेलाकडून त्यांनी निरोप पाठवला, "सगळं ठीक ना?" मी उलट निरोप पाठवला, सगळं ठीक.

चैत्रात मुंबईहून आलेल्या एका होडीबरोबर देवीची साथ आली. कोळीवाड्यात चौघांना झाली. तिघं मोठी माणसं, ज्यांना कधीच टोचलं नव्हतं, आणि चौथी हिरू. टोचलेल्या इतर एकाही पोराला झाली नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण भाईंच्या हाताची ती खरी साक्ष होती आणि तेव्हा तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. हिरू वाचली. दोन्ही डोळे गेले.

चौकशीला आरोग्य खात्याचे साहेब आले. शाळेतच टेबल मांडलं. एका बाजूला मी पट घेऊन बसलेलो, समोर भाई उभे. त्यांना बसायला सांगितलेलं नव्हतं. ओटीखाली कोळीवाड्यातली माणसं, आणि त्यांच्यात डोक्यावरून पदर ओढलेली चांगूबाय. भाई आदल्या संध्याकाळीच येऊन हिरूला बघून आले होते. तिचा दंडही त्यांनी बघितला असणारच.

साहेबांनी दाखला पुढं केला. "सही तुमची?"

"माझी, साहेब."

"आठव्या दिवशी हिचा हात तुम्ही पाहिलात?"

भाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी काय करतो एवढंच त्यांना बघायचं असावं. मी पटाचं पान उलटलं. उलटायचं काही कारण नव्हतं, सगळी नावं त्याच पानावर होती.

"पाहायला हवा होता, साहेब," भाई म्हणाले. "न बघता सही केली. कसूर माझा."

"का नाही पाहिला? कोणी सांगितलं सही करायला?"

"कसूर माझा," एवढंच ते पुन्हा म्हणाले.

त्यांची नोकरी त्याच आठवड्यात गेली. पेटी, हत्यारं, मडकंसुद्धा जमा करून घेतलं. ते होडीकडं जायला निघाले तेव्हा कोळीवाड्यातल्या बाया दारांत उभ्या होत्या. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "खोटा सांगनार न्हाय म्हनलावतास ना रे भाई?" ते थांबले, तिच्याकडं वळून त्यांनी कपाळाला हात लावला आणि पुढं गेले. मी शाळेच्या खिडकीतून पाहत होतो. धावत जाऊन दोन वाक्यं बोलायला वाळूतून शंभर पावलं जावं लागलं असतं. मी खिडकी लावून घेतली, वारा येतो म्हणून.

मला बढती मिळाली. मी नागावला गेलो, लग्न केलं, मुलं झाली. लोक मला शिस्तीचा मास्तर म्हणायचे. माझ्या शाळेत देवीच्या दाखल्याशिवाय एक मूल बसत नसे आणि आठव्या दिवशी मी स्वतः प्रत्येक दंड अंगठ्यानं दाबून बघायचो. लोक त्याचंही कौतुक करायचे. ते कौतुक ऐकताना मान खाली जायची आणि लोकांना तो विनय वाटायचा.

सहा-सात वर्षांनी माझी बदली म्हसळ्याला झाली. बाजारात त्यांच्या पुतण्याचं कापडाचं दुकान होतं, तिथं भाई गजानं कापड मोजत बसलेले दिसले. दाढी पांढरी, खांदे उतरलेले. दोन महिने मी त्या बाजूनं जाणं टाळलं. मग एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून आत गेलो. त्यांनी मला लगेच ओळखलं. पुतण्याला चहा आणायला पाठवलं, आणि जाता जाता त्याला म्हणाले, "एक कप बाहेरून ब्राह्मणाच्या हाटेलातला आण. मास्तर आपल्याकडचा घेत नाहीत." टोमणा नव्हता तो. म्हणूनच जास्त लागला. मी म्हटलं, "नको, तुमच्या घरचाच घेतो." ते म्हणाले, "बरं."

चहा घेताना मी सगळं सांगितलं. रूळ, काळी कड, सात मुली. सांगताना मला रडू आलं. रडताना मनात कुठंतरी असंही होतं, की आता हे मला धीर देतील, म्हणतील, जाऊ द्या मास्तर, तरुण होता तुम्ही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तुम्ही दंड बघितला असणार आणि कडही दिसली असणार. इतकी काळी होती, मला दोन महिन्यांनीसुद्धा डाग दिसला."

"मग माझं नाव का घेतलं नाही, भाई? मला का वाचवलंत?"

त्यांनी हातातला गज खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही असं समजत होता होय? नाही मास्तर. तुमच्यासाठी नाही केलं मी. तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही लगेच बिब्ब्याचं नाव घेतलं असतं. म्हणाला असता, त्या बाईनं फसवलं. घेतलं असतं की नाही?"

मी मान हलवली. घेतलंच असतं. चौकशीच्या आदल्या रात्री झोप येईना तेव्हा मी ते वाक्य तयारसुद्धा करून ठेवलं होतं.

"साहेबानं तिला शिक्षा केली असती ती वेगळी. पण गावात? पोरीला आईनंच आंधळी केली, असं जन्मभर ऐकलं असतं तिनं. तिनं मला सांगितलं होतं आदल्या संध्याकाळी. पाय धरले माझे. टोचल्यावर विहिरीमागं नेऊन लिंबानं पुसून काढली लस, आणि दाखल्यासाठी बिब्बा लावला. आठव्या दिवशी भाईंनी ओळखलंच, तर फार तर पोरीला घरी पाठवतील, अशी तिची समजूत होती. दाखल्यावर माझी सही बघून तिला वाटलं, भाईंना कळलं नाही, म्हणजे देवीनंच लपवलं." भाईंनी कापड घडी करून फळीवर ठेवलं. "मी तिला सांगितलं, मी बघितलंच नाही. पण तुम्हाला काय दिसलं असेल, ते सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं नव्हतं."

मी म्हटलं, "भाई, मला माफ करा."

"माझं काय गेलं? नोकरी गेली. दुकानात सावलीला बसतो." ते म्हणाले. "माफी नको मला. एक काम करा. त्या बाईकडं जा. सांगा तिला, की कड तुम्हाला दिसली होती आणि तुम्ही दाखला दिला. ती समजतेय की हे तिनं एकटीनं केलं. तिच्या डोक्यावरचं अर्धं ओझं तुमचं आहे, ते उतरवून घ्या. बाकी काही नको."

"जातो," मी म्हणालो.

"कधी?"

"पावसाळा लागायच्या आत."

पावसाळा लागला. गणपतीच्या सुट्टीत जाऊ म्हटलं, तर घरी पाहुणे. दिवाळीत मुलगा आजारी. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि म्हसळ्याहून तिथं जायला एक दिवस लागतो हेही खरं आहे. भाई मला दोनदा बाजारात भेटले. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "गेला होता?" मी म्हटलं, "जाणारच आहे." दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. मुलं शाळेत कशी आहेत, टोचणारा नवा कोण आहे, आठव्या दिवशी येतो ना, असं विचारून ते गेले. चैत्रात पुतण्या शाळेत निरोप घेऊन आला की चाचा काल गेले. मी कबरस्तानापर्यंत गेलो. बाजूला उभा राहिलो. माती द्यायला लोक पुढं होत होते. पुतण्यानं मला खूण केली, मी पुढं झालो आणि तीन मुठी माती टाकली. त्यानंतर आठ दिवसांत मी खाडी उतरलो.

कोळीवाड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो तो असा. घर विचारत विचारत गेलो. अंगणात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी गुडघ्यांवर जाळं घेऊन बोटांनी चाचपत गाठी मारत बसली होती. तोंडभर वण. मी खाकरलो, तशी मान न वळवता म्हणाली, "शालेचं मास्तर ना? पैल्या शालेचं?" इतक्या वर्षांनी तिनं आवाज ओळखला, आणि तोही नुसत्या खाकरण्यावरून.

मी विचारलं, "हिरू, आई कुठं आहे?"

"आय न्हाय. शिमग्याला गेली. दीड महिना झाला."

मी अंगणात आलो. वाळूतच बसलो. ती म्हणाली, "पाट हाय ना दारामागं, घ्या." मी तिथंच बसून राहिलो आणि जे तिच्या आईला सांगायचं होतं ते तिला सांगितलं. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा उठून गेलो असतो. रुळानं बाही वर केली. कड काळी होती. मला दिसली होती. बिब्बा आहे हे मला कळलं होतं.

तिच्या बोटांतली गाठ अर्धी राहिली.

"आय म्हनाची, नीट कुनीच बघला न्हाय," ती म्हणाली. "ताप आला तरी तेच बोलाची. माजे हातानं केला, कुनीच बघला न्हाय, बघला असता तर पोरगी वाचली असती. मरतानापन तेच बोलत व्हती." मग तिनं विचारलं, "भाईंनी तुमाला धाडला?"

"हो."

"कवा?"

खोटं बोलायची माझी सवय तोवर पुरती गेली नव्हती. जिभेवर आलं होतं की आत्ताच, गेल्या महिन्यात. पण मी सांगितलं, "गेल्या वर्षी. पावसाळ्याच्या आधी."

तिनं बोटांवर मोजलं. मोजताना ओठ हलत होते, शाळेत हलायचे तसे. पावसाळ्यापासून शिमग्यापर्यंत.

"नऊ महिने व्हती की वो ती," हिरू म्हणाली, आणि अर्धी राहिलेली गाठ ओढून घट्ट केली.